रूमॅटॉइड संधिवातावर पोटात घ्यायच्या नव्या औषधाची चाचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रतिकारयंत्रणेचं वागणं बदलणारी नवी गोळी संधिवातावर तपासली जाते, तेव्हा भाग घेणाऱ्यांच्या आणि घरच्यांच्या मनात तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. आकडे अशा चाचण्यांत सहसा ठेवले जातात ते आहेत. तुमच्या संमतीपत्रात वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा.

‘इम्युनो-मॉड्युलेटर’ म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात जास्त घोळ घालतो. रूमॅटॉइड संधिवातात, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आमवात म्हणतात त्यात, प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती आपल्याच सांध्यांवर उलटलेली असते. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू कूर्चा व हाडाच्या कडा कुरतडायला लागतं. औषधाचं काम हा हल्ला आवरण्याचं आहे. त्यामुळे चाचणी चालू असताना ‘इम्युनिटी वाढवायला’ म्हणून पावडर, काढा किंवा वनस्पतींच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. त्यातल्या काही यकृताला जड जातात, काही चाचणीच्या औषधाचं शरीरातलं प्रमाण बदलतात. मग रक्ताचा अहवाल बिघडला तर दोष कुणाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. आधीपासून काही घेत असाल तर पहिल्याच भेटीत सांगा, कुणी रागावणार नाही.

वेदनाशामक गोळीही पोटातच घेतो. मग फरक काय?

वेदनाशामक काही तासांत ठणका कमी करतं, पण हाडाची झीज थांबवत नाही. प्रतिकारयंत्रणेवर काम करणाऱ्या औषधाला आठवडे लागतात, आणि त्याच्याकडून अपेक्षा असते ती सूज उतरण्याची आणि झीज थांबण्याची. चाचणीची सगळी मांडणी ‘बरं वाटणं’ आणि ‘आजार आटोक्यात येणं’ या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यासाठी असते. खालचे बरेचसे त्रासदायक वाटणारे नियम त्यातूनच आलेले आहेत.

इंजेक्शनं आहेत की. गोळीचा आटापिटा कशासाठी?

अडालिमुमॅबसारखी जैविक औषधं म्हणजे मोठी प्रथिनं. ती पोटात गेली की पचून जातात, म्हणून टोचावीच लागतात. जॅक गटातल्या, म्हणजे पेशीतली जॅक नावाची निरोप पोचवणारी विकरं अडवणाऱ्या, औषधांचा रेणू छोटा असतो. तो पचनातून टिकतो, पेशीच्या आत शिरतो आणि इंटरल्यूकिन-६सारख्या सूज भडकवणाऱ्या पदार्थांचा निरोप केंद्रकापर्यंत पोचू देत नाही. टोफासिटिनिब हे या गटातलं संधिवातासाठी मान्यता मिळालेलं पहिलं औषध. अमेरिकेत त्याला २०१२ साली परवानगी मिळाली. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण ३ तासांत निम्म्यावर येतं. त्यामुळे साधी गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते, पण जंतुसंसर्ग झाला तर औषध थांबवल्यावर ते लवकर उतरतं. इंजेक्शनचा परिणाम आठवडे रेंगाळतो.

गोळीच्या अडचणीही आहेत. इंजेक्शन दवाखान्यात टोचलं की त्याची नोंद पक्की असते. गोळी घेतली की नाही, हे फक्त घेणाऱ्यालाच ठाऊक.

तोंडावाटे कोलॅजन देऊन संधिवात बरा करण्याचे प्रयोग झाले होते म्हणतात. ते हेच का?

ती कल्पना वेगळी आणि मोठी देखणी होती. आपण रोज परकी प्रथिनं खातो, तरी आतड्यातली प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर तुटून पडत नाही. ती त्यांना सोसायला शिकते. मग सांध्याच्या कूर्चेत असणारं दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन तोंडावाटे थोडं थोडं दिलं, तर शरीर आपल्या कूर्चेलाही सोसायला शिकेल का? १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६० रुग्णांना ३ महिने कोंबडीच्या कूर्चेतलं कोलॅजन किंवा नकली औषध (दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं) दिलं गेलं, आणि कोलॅजनवाल्यांचे सुजलेले व दुखरे सांधे कमी झाले. बरीच आशा वाटली.

पुढे १९९८ मध्ये २७४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. दिवसाला २०, १००, ५०० आणि २५०० मायक्रोग्रॅम अशा चार मात्रा आणि नकली औषध, २४ आठवडे. थोडाफार परिणाम दिसला तो सगळ्यात कमी, म्हणजे २० मायक्रोग्रॅमच्या मात्रेला. २० मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग! आतड्याला ‘सोसायला’ शिकवायचं तर जास्त दिल्याने जास्त फायदा होतोच असं नाही, हे त्यातून दिसलं. पण त्यानंतरच्या मोठ्या चाचणीत हा फायदाही टिकला नाही आणि संधिवाताचं औषध म्हणून ते पुढे गेलं नाही. दुकानात ग्रॅम-ग्रॅमने मिळणाऱ्या कोलॅजन पावडरीचा या प्रयोगांशी संबंध नाही. ६० जणांवर उठून दिसलेला परिणाम मोठ्या गटात का टिकत नाही, याचं उत्तर खाली नकली गोळीच्या प्रश्नात मिळेल.

चाचणीचे टप्पे कोणते? माझ्यावर पहिल्यांदाच प्रयोग होणार का?

पहिल्या टप्प्यात काही डझन, बहुधा निरोगी, स्वयंसेवकांना अगदी लहान मात्रा देऊन औषध सोसतं का आणि रक्तात किती पोचतं ते पाहतात. दुसऱ्या टप्प्यात शे-दोनशे किंवा थोडे अधिक रुग्ण आणि वेगवेगळ्या मात्रा. तिसऱ्यात शेकड्यांपासून हजारांपर्यंत रुग्ण आणि नकली गोळी किंवा आधीच्या प्रस्थापित औषधाशी तुलना. रुग्णांना बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यासाठीच विचारलं जातं. संमतीपत्राच्या पहिल्या पानावर टप्पा लिहिलेला असतो, तो वाचा.

प्रतिकारयंत्रणेच्या औषधांबाबत पहिल्या टप्प्याची काळजी विशेष घेतात, याला कारण आहे. मार्च २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ नावाचं प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांना शिरेतून दिलं गेलं. मात्रा प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या सुमारे ५००व्या हिश्श्याची होती. दोघांमधलं अंतर जेमतेम १० मिनिटांचं. दुसऱ्या-तिसऱ्याला सुई लागेपर्यंत पहिल्याचं काय होतंय ते कळलंच नव्हतं. सहाही जणांच्या शरीरात प्रतिकारयंत्रणेचा भडका उडाला आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. त्यानंतर नव्या औषधाचा पहिला डोस आधी एकाच स्वयंसेवकाला देऊन थांबायचं आणि मगच पुढच्यांना द्यायचा, ही रीत पक्की झाली.

मला घेतील का? इतकं दुखतंय तरी ‘बसत नाही’ म्हणून परत पाठवलं.

आधी निदान पक्कं लागतं. २०१० च्या वर्गीकरणात सांधे, रक्तातली प्रतिपिंडं, सीआरपी किंवा ईएसआर (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि त्रासाचा काळ यांना गुण आहेत आणि १० पैकी किमान ६ मिळावे लागतात. मग आजार चालू स्थितीत असावा लागतो. पुष्कळ चाचण्यांत किमान ६ दुखरे आणि ६ सुजलेले सांधे, शिवाय सीआरपी वाढलेलं, अशी अट असते. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं नेहमीचं औषध काही महिने घेऊनही आजार हटत नाही, हेही दाखवावं लागतं.

‘दुखतंय पण घेत नाहीत’ याचं नेहमीचं कारण म्हणजे दुखरे सांधे भरपूर, सुजलेले कमी. जुनी झीज झालेला सांधा किंवा फायब्रोमायल्जिया (सूज नसताना अंगभर दुखण्याचा आजार) यांचं दुखणं खरंच असतं, पण ते प्रतिकारयंत्रणेच्या औषधाने हटणारं नसतं. अशा माणसाला घेतलं तर औषध चांगलं असूनही ‘चाललं नाही’ असं नोंदलं जाईल, आणि त्या माणसाच्या हाती फक्त दुष्परिणाम लागतील.

सुरुवातीलाच एवढं रक्त कशासाठी काढतात?

छुपे आजार शोधायला. प्रतिकारयंत्रणा आवरली की शरीरात निपचित पडलेले जंतू उठू शकतात.

क्षयासाठी छातीचा एक्स-रे आणि इग्रा ही रक्ततपासणी किंवा मॅन्टू ही त्वचेवरची तपासणी होते. बीसीजी घेतलेल्यांत मॅन्टू उगाच फुगू शकते, इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही. उलट, स्टिरॉइड चालू असेल तर इग्राचा निकाल ‘अनिर्णित’ येऊ शकतो. म्हणजे क्षय नाही असं नव्हे, तर तपासणी पुन्हा करायची. छुपा क्षय निघाला तर आधी त्याचे प्रतिबंधक उपचार सुरू करतात, साधारण महिनाभर जाऊ देतात, मगच चाचणीचा विचार. इथे एक मेख आहे : रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं औषध बऱ्याच औषधांचा शरीरातला निचरा वाढवतं. टोफासिटिनिबचं प्रमाण तर त्याने फारच खाली येतं. म्हणून कोणता उपचार द्यायचा ते चाचणीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

हिपॅटायटिस बीसाठी फक्त पृष्ठभागावरचं प्रतिजन पाहून भागत नाही. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाची खूण असलेलं गाभ्याविरुद्धचं प्रतिपिंडही तपासतात. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीही होतं. शिवाय हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, यकृत, मूत्रपिंड आणि चरबी. टोफासिटिनिबच्या वापरसूचनेत हिमोग्लोबिन ९ ग्रॅमच्या खाली, न्यूट्रोफिल १०००च्या खाली किंवा लिम्फोसाइट ५००च्या खाली (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) असतील तर सुरुवातच करू नका, असं म्हटलं आहे. त्या जातीच्या नव्या औषधांच्या चाचण्यांत उंबरठे साधारण याच आसपास असतात, बहुधा थोडे वरच.

चालू औषधं बंद करावी लागतात का?

मेथोट्रेक्सेट बहुधा चालूच ठेवतात, नवी गोळी वर जोडतात. आठवड्याला १५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यानची मात्रा काही आठवडे न बदललेली असावी लागते. सोबत फॉलिक अॅसिड. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चाचणीची गोळी रोजची आणि ही आठवड्याची, दोन्ही एकाच डब्यात ठेवल्या की घोटाळा होतो. रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात, जीवही जाऊ शकतो. वार ठरवा, तो डब्यावर ठळक लिहा आणि त्या गोळ्या वेगळ्या ठेवा.

लेफ्लुनोमाइड हे संधिवाताचं दुसरं औषध शरीरात फार काळ रेंगाळतं, कधी कधी दोन वर्षांपर्यंत. म्हणून ते धुऊन काढायला कोलेस्टिरामाइन देतात : ८ ग्रॅम दिवसातून तीनदा, ११ दिवस. चवीला वाईट आणि पोट गच्च करणारं, पण दुसरा जवळचा मार्ग नाही. इंजेक्शनची जैविक औषधं घेतली असतील तर त्यांचा असर उतरेपर्यंत थांबावं लागतं. काहींना महिनाभर पुरतो, रिटुक्सिमॅबला सहा महिने किंवा त्याहून जास्त.

प्रेडनिसोलोन दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण मात्रा हलवायची नाही. लग्नकार्य आलं म्हणून दोन दिवस जास्त घेतलं, असं वरचेवर घडतं. घडलंच तर लपवू नका. नोंद झालेली चूक हिशेबात धरता येते, लपवलेली चूक निकालच बिघडवते.

मला नकली गोळी मिळाली तर माझे सांधे खराब होतील ना?

रास्त भीती आहे. म्हणूनच आता नुसत्या नकली गोळीवर फार काळ कुणाला ठेवत नाहीत. बहुतेक चाचण्यांत सगळ्यांचं मेथोट्रेक्सेट चालू असतं, वर कुणाला नवी गोळी, कुणाला नकली. १२ ते १६ आठवड्यांनी दुखऱ्या आणि सुजलेल्या सांध्यांत २० टक्केही फरक नसेल तर बचावाची तरतूद असते, म्हणजे नवं औषध किंवा दुसरा ठरलेला उपचार. संमतीपत्रात ‘बचाव उपचार’ कुठल्या आठवड्याला आहे तेवढं नेमकं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर सही करायची घाई नको.

तुलना इंजेक्शनशी असेल तर प्रत्येकाला गोळीही मिळते आणि सुईही, त्यातलं एकच खरं. दोन्ही नेमाने घ्यावं लागतं. ‘माझी सुई नकलीच असणार’ असं ठरवून ती टाळणारे काही वेळा खरं औषध टाळत असतात.

नकली गोळीने बरं वाटतंच कसं?

वाटतं, आणि थोडंथोडकं नाही. टोफासिटिनिबच्या, मेथोट्रेक्सेटविना केलेल्या, एका चाचणीत ३ महिन्यांनी ५ मिलिग्रॅमवाल्यांपैकी ५९.८ टक्के लोकांत एसीआर-२० इतकी, म्हणजे ठरलेल्या मोजमापांत किमान २० टक्के, सुधारणा झाली. नकली गोळीवाल्यांतही ती २६.७ टक्क्यांत झाली. बॅरिसिटिनिब या जॅक गटातल्याच औषधाच्या, मेथोट्रेक्सेटसह केलेल्या मोठ्या चाचणीत १२ आठवड्यांना हे प्रमाण ७० विरुद्ध ४० टक्के होतं.

मन हे एक कारण आहेच, पण एकटं नाही. लोक चाचणीत येतात ते आजार भडकलेला असताना. भडका आपोआपही थोडा ओसरतो आणि श्रेय गोळीला जातं. दुसरं, चाचणीत आल्यावर माणूस मेथोट्रेक्सेट, जे आधी चुकतमाकत चाललं होतं, ते नेमाने घ्यायला लागतो. तिसरं कारण तपासणाऱ्याकडून येतं. भरती करताना ६ सुजलेले सांधे हवेत म्हणून पाचाचे सहा मोजले गेले, तर पुढच्या खेपेला प्रामाणिक मोजणीतही ‘सुधारणा’ दिसते. हा शेवटचा दोष सगळ्यात चिवट. छोट्या चाचणीत अशा चार-पाच माणसांनी पारडं फिरतं.

सांधे मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

सांध्याच्या कडेवर अंगठ्याने दाबतात, तपासणाऱ्याच्या नखाचा रंग पांढरा पडेल इतपत. त्याने दुखलं तर सांधा ‘दुखरा’. याहून हलकं दाबलं तर दुखरे सांधे निसटतात, जोरात दाबलं तर निरोगी माणूसही ओरडेल. सूज मात्र बोटांनी चाचपून कळते. बोटाच्या मधल्या पेरावर दोन बाजूंनी दाबायचं आणि वर-खाली ठेवलेल्या बोटांना आतला द्रव सरकल्याचं जाणवतंय का ते पाहायचं. मऊ, लिबलिबीत लागलं तर सूज. टणक गाठ लागली तर ती हाडाची वाढ, मोजायची नाही. वयपरत्वे बोटांच्या टोकाच्या पेरांना येणाऱ्या गाठी इथे फसवतात.

पूर्ण मोजणीत ६८ सांधे दुखण्यासाठी आणि ६६ सुजेसाठी पाहतात. दोनाचा फरक खुब्यांचा, कारण ते इतके खोल असतात की सूज हाताला लागतच नाही. छोट्या मोजणीत २८ सांधे असतात, पण त्यात घोटे आणि पाऊल येत नाहीत. ज्यांचं दुखणं मुख्यतः पायात आहे त्यांना ‘आजार आटोक्यात’ असा शेरा मिळतो आणि चप्पल मात्र घालवत नाही.

तपासणारी व्यक्ती दर वेळी शक्यतो तीच असते आणि ती डॉक्टरांपेक्षा वेगळी असते. तिला तुमचे रक्ताचे अहवाल किंवा दुष्परिणाम माहीत नसतात. तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारा, पण ‘मला नागीण झाली होती’ असं सांगू नका. त्यावरून ती कोणती गोळी चालू असेल याचा अंदाज बांधू शकते. भेटीची वेळही तीच ठेवा. सकाळी आखडलेली बोटं दुपारी सैल होतात. आठ वाजताची मोजणी आणि तीन वाजताची मोजणी यांची तुलना होत नाही.

मधल्या काळात एखाद्या सांध्यात इंजेक्शन घेतलं तर तो सांधा पुढे ‘सुधारला’ असा धरत नाहीत, सूज पूर्ण उतरली तरी.

२० टक्के सुधारणा म्हणजे फारच थोडी नाही का?

ऐकायला थोडी वाटते, मिळवायला अवघड आहे. एसीआर-२०साठी दुखरे आणि सुजलेले सांधे, दोन्ही किमान २० टक्क्यांनी कमी व्हावे लागतात. शिवाय पाचांपैकी तीन गोष्टींत तेवढीच सुधारणा लागते : तुम्ही सांगितलेली वेदना, आजाराबद्दल तुमचं एकंदर मत, डॉक्टरांचं मत, रोजच्या कामांची प्रश्नावली आणि सीआरपी किंवा ईएसआर.

उदाहरण घ्या. सुरुवातीला दुखरे सांधे २०, सुजलेले १२. बारा आठवड्यांनी दुखरे १४, सुजलेले १०. दुखऱ्यांत ३० टक्के घट, माणूस खूश. पण सुजलेल्यांत घट जेमतेम १७ टक्के, म्हणून निकाल ‘प्रतिसाद नाही’. सुजलेला आणखी एक सांधा कमी झाला असता, म्हणजे १२ चे ९ झाले असते, तर घट २५ टक्के धरली गेली असती. एका सांध्याच्या मोजणीवर किती अवलंबून असतं ते यावरून पाहा.

डास-२८ या, २८ सांध्यांवरून आजाराची तीव्रता मोजणाऱ्या गुणात ५.१ च्या वर आजार तीव्र आणि २.६ च्या खाली जवळपास शांत मानतात. त्याच्या सूत्रात दुखऱ्या सांध्यांचं वजन सुजलेल्यांच्या दुप्पट आहे. शिवाय त्यात ईएसआर किंवा सीआरपी येतं, आणि जॅक गटातली औषधं सीआरपीला थेट खाली आणतात. त्यामुळे सांधे तसेच राहूनही गुण सुधारलेला दिसू शकतो. आमच्या मते अशा औषधांसाठी सीडीएआय हा दुसरा गुण जास्त प्रामाणिक. त्यात रक्ताचा आकडाच नाही, नुसती बेरीज आहे : २८ पैकी दुखरे, २८ पैकी सुजलेले, तुमचं मत १० पैकी, डॉक्टरांचं १० पैकी. २.८ पर्यंत आजार शांत, १० पर्यंत सौम्य, २२ च्या वर तीव्र. कागद-पेन्सिलवर जमतं.

माझं सीआरपी मला का सांगत नाहीत? रक्त माझंच आहे.

औषध खरं असेल तर सीआरपी बहुधा झपाट्याने घसरतं. तो आकडा तुम्हाला किंवा तपासणाऱ्याला कळला की कोण कुठल्या गटात आहे ते उघड होतं, आणि पुढची सगळी मतं त्या रंगाने रंगतात. म्हणून तेवढा अहवाल झाकतात. हिमोग्लोबिन, यकृत, पेशी असे सुरक्षिततेचे अहवाल मात्र डॉक्टर पाहतातच. बाहेरच्या प्रयोगशाळेत गुपचूप सीआरपी करून घेऊ नका.

सीआरपीवर भिस्त ठेवून पूर्वी फसगत झालेलीही आहे. पी-३८ नावाचा पेशीतला संदेश अडवणाऱ्या गोळ्यांनी सीआरपी सुरुवातीला छान खाली आणलं, पण काही आठवड्यांतच ते पुन्हा वर चढलं आणि सांध्यांना म्हणावा तसा फायदा झाला नाही.

एक्स-रे किती वेळा?

बहुधा सुरुवातीला, मग २४ किंवा २६ आणि ५२ आठवड्यांना. हात आणि पाऊल दोन्ही. दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे झीज आणि सांध्यातली फट मोजतात. एकूण गुण ० ते ४४८, जास्त गुण म्हणजे जास्त झीज. कुठला एक्स-रे आधीचा आणि कुठला नंतरचा हेही त्यांना सहसा सांगत नाहीत. अंगठ्या काढा आणि हात पूर्ण सपाट ठेवा. बोट जरा वाकलं तरी फट अरुंद दिसते.

गोळी घेण्यात कुठे चुका होतात?

भेटीच्या दिवशी सकाळीच घरी गोळी घेऊन येणं ही पहिली. काही भेटींत डोस घेण्याआधीचं रक्त हवं असतं, म्हणजे रक्तातलं औषध सगळ्यात कमी असतानाचं. गोळी घेतली असेल तर ते रक्त वाया जातं. भेटीला बाटली बरोबर आणा आणि गोळी तिथेच घ्या. मेथोट्रेक्सेटचा वार त्याच दिवशी येत असेल तर त्याबद्दल वेगळं विचारा.

सावकाश विरघळणारी गोळी अर्धी करायची नाही, चावायची किंवा कुटायचीही नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम उतरतं. ग्रेपफ्रूट आणि बुरशीवरच्या काही गोळ्या अशा औषधांचं प्रमाण वाढवू शकतात. चुकलेल्या डोसचा नियम तुमच्या पत्रकात असतो. कुठल्याच चाचणीत दुप्पट डोस घेऊन भरपाई करत नाहीत.

गोळ्यांचा हिशेब असा : बाटलीत ७० गोळ्या, दिवसाला २, भेट २८ दिवसांनी. लागायच्या ५६, परत यायच्या १४. तुम्ही २० परत आणल्या म्हणजे ५० घेतल्या, म्हणजे ८९ टक्के. सहसा ८० ते १२० टक्के चालतं. आता काहीजण ‘बरं दिसावं’ म्हणून उरलेल्या गोळ्या टाकून देतात आणि बरोब्बर १४ आणतात. यात नुकसान असं की ६० टक्केच औषध घेऊन फरक पडला नाही, तरी नोंद होते ‘पूर्ण मात्रेने फरक पडला नाही’, आणि पुढे मात्रा वाढवली जाते. ती वाढीव मात्रा नंतर हजारो लोक घेतात.

कधी फोन करायचा?

पुढच्या भेटीची वाट न पाहता, त्याच दिवशी :

- ३८ अंशांच्या वर ताप, किंवा थांबत नसलेला खोकला.
- अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग आणि पाणीदार फोड. जॅक गटात नागीण जास्त होते. नागिणीवरचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालेलं बरं.
- एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं. यात फोनआधी तातडीच्या विभागात जा.
- ताप आणि पोटात जोराची कळ. आतड्याला भोक पडण्याचा धोका कमी असतो, पण स्टिरॉइड आणि वेदनाशामकं सोबत असली की वाढतो. स्टिरॉइडमुळे पोट फारसं दुखतही नाही, म्हणून हलकं घेऊ नका.

चाचणीचं ओळखपत्र खिशात ठेवा. ते पाहून दुसऱ्या डॉक्टरांना गोळी खरी की नकली हे तातडीने उघडता येतं.

जॅक गोळ्यांबद्दल हृदयविकार आणि कर्करोगाचा इशारा वाचला. मग यात उतरायचं कशाला?

तो इशारा गंभीरपणे घ्यायचाच आहे. पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या ४,३६२ रुग्णांत टोफासिटिनिबची तुलना टीएनएफ हा सूज वाढवणारा पदार्थ अडवणाऱ्या इंजेक्शनांशी केली गेली, पाठपुरावा साधारण ४ वर्षं. हृदयविकार-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना ३.४ टक्के विरुद्ध २.५, कर्करोग ४.२ विरुद्ध २.९. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या गटातल्या गोळ्यांवरचा इशारा कडक केला.

तीन महिन्यांच्या चाचणीत असा फरक दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून वय, धूम्रपान, पूर्वीचा हृदयविकार, पायात रक्ताची गाठ झाली होती का, हे प्रश्न विचारले की खरी उत्तरं द्या. धूम्रपान सोडलं असेल तरी किती वर्षं ओढत होता ते सांगा. नवी गोळी जॅक गटातली नसेल तर हे आकडे तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण दीर्घ पाठपुरावा मागायचा हक्क तेवढाच राहतो.

लस घेता येते का?

निर्जीव लसी चालतात, पण परिणाम थोडा कमी होऊ शकतो. जिवंत लसी चाचणीच्या काळात नाहीत, आणि सुरुवातीआधीही काही आठवड्यांचं अंतर लागतं. नागिणीची जिवंत नसलेली लस उपलब्ध असेल तर ती आधीच उरकणं शहाणपणाचं.

मूल हवं असेल तर?

मग सध्या भाग घेऊ नका. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक आहेत, आणि नव्या गोळीबद्दल तर माहितीच पुरेशी नसते. गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांची ठरावीक काळाने तपासणी होते आणि संततिनियमनाची खात्रीची पद्धत लागते. पाळी चुकली तर गोळी थांबवून त्याच दिवशी कळवायचं. पुरुषांसाठीही प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, अट असू शकते.

मध्येच सोडता येतं का?

कधीही, कारण न देता. त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. फक्त दोन गोष्टींत गल्लत करू नका : गोळी थांबवणं वेगळं आणि चाचणीतून बाहेर पडणं वेगळं. गोळी थांबवली तरी भेटींना येत राहिलात तर तुमची माहिती कामाची राहते. पूर्ण बाहेर पडलात तर हिशेबात तुम्हाला बहुधा ‘प्रतिसाद नाही’ असंच धरतात, अगदी बरं वाटत असलं तरी.

चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का? मला काय मिळालं होतं ते कधी कळेल?

बऱ्याच चाचण्यांना पुढचा, सगळ्यांना खरं औषध देणारा भाग जोडलेला असतो, पण सगळ्यांना नाही. सहीआधी विचारा. नसेल तर शेवटच्या भेटीच्या महिनाभर आधीच आपल्या डॉक्टरांशी पुढचा उपचार ठरवा, कारण गोळी बंद झाल्यावर काही आठवड्यांत आजार उसळू शकतो. शेवटच्या गोळीनंतर साधारण ४ आठवड्यांनी एक सुरक्षिततेची भेट असते, तिला रक्त देऊन शेवटची बाटली, रिकामी असली तरी, परत करायची. तुमचा गट मात्र शेवटच्या रुग्णाची शेवटची भेट होऊन माहिती बंद केल्यावरच उघडतात. तुम्ही सुरुवातीच्या काळात आला असाल तर त्याला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात. तोवर पत्ता किंवा फोन बदलला तर केंद्राला कळवून ठेवा.